वळणावरची मारी

मंडळी, जरा पुढं सरकून बसा. फादर, तुम्हीही सावलीत या. वाडीसमोर उभं राहून बोलायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, आणि आली ती अशी. काल नाताबाईला पाचगणीत माती देऊन आपण घाट उतरलो. आज बोलायचा दिवस नव्हे. तरी बोललं पाहिजे. उद्या सकाळी आपल्याला कुदळी घेऊन त्याच वळणावर जायचंय, म्हणून बोललं पाहिजे.

नव्या पोरांना ठाऊक नसेल. नाताबाईचा नवरा मूळचा गोव्याचा, पाचगणीच्या एका शाळेत आचारी. वाईच्या बाजारातनं भाजी घेऊन वर जाताना आपल्या वळणावर ट्रक कलंडला आणि तो तिथंच गेला. बाई वरचं बिऱ्हाड मोडून खाली आली. वळणावर तिनं कमरेएवढी देवळी बांधून घेतली. आत निळ्या पदराची मूर्ती, कडेवर पोर, वर छोटा क्रूस. आणि आपल्यातच खोपट घालून राहिली. सांजेला तिथं कंदील लावायची. म्हणायची, "उजेड दिसला की डायवर सावध होतो."

तिथं पहिली गेली आमची पारूआत्या. विचारलं, "देवी कुठली बाई ही?" ती तिच्या गोव्याकडच्या बोलीत म्हणाली, "मारी." झालं. आत्या धापा टाकत घरी. "आगं, वळणावर मरीआई बसलीया. गोऱ्या तोंडाची हाय, पर मरीआईच." दुसऱ्या दिवशी दहीभात, हिरव्या बांगड्या, लिंबाचा पाला. एक गडी तर कोंबडा घेऊन गेला. नाताबाई त्याला म्हणाली, "हिला मेणबत्ती पुरे रे. कोंबडा घरी ने, पोरांना घाल." तो परत येऊन सांगतोय, "लय गरीब देवी हाय. काय मागतच न्हाई."

पुढं मीच तिला समजावलं, की बाई, मरीआई म्हणजे पटकीची देवी, लोक तिला भिऊन येतात. ती कंदिलाची काच पुसत राहिली. मग म्हणाली, "भिऊन येऊ दे, आबा. तापलेलं पोर आणून हिच्या पायाशी निजवतात ना? हिच्या कडेवर पण पोरच आहे. नावाचं मागनं बघू."

मंडळी, ते मागनं बघायचं राहून गेलं.

यंदा पाऊस नाही. रस्ता रुंद करायचं दुष्काळी काम निघालं, म्हणून आपल्या चुली पेटतात. हे मी विसरलेलो नाही. ओव्हरसियर आले, देवळीवर चुन्याची रेघ मारली, विचारलं, हे कुणाचं? आपली पोरं म्हणाली, मरीआईचं ठाणं आहे, हलणार नाही. फादर, तुम्ही म्हणालात, ही मरिया माता, आम्ही चर्चमध्ये नेऊन नीट ठेवू. तुमच्याही मनात वाईट नव्हतं. साहेब हसले. म्हणाले, "दोघं मालकी सांगताय, म्हणजे खरा मालक कुणीच नाही. काढून टाका."

काढणार कोण? आपणच. हजेरी आपली, कुदळ आपली, हात आपले.

बाई अंगात ताप घेऊन देवळीच्या पायरीवर बसून राहिली. तिच्यासमोर कुणाचा हात उचलला नाही, एवढी लाज आपण राखली. मी म्हणालो, बाई, घरी चल. म्हणाली, "मी उठले की पाडतील. आबा, माझं माणूस इथं गेलं. चर्चमध्ये नाही गेलं." ती उठली ती चौघांच्या खांद्यावर. आता पायरी मोकळी आहे. मला रात्रभर तेवढंच दिसत होतं.

आज सकाळी तुका आला. "आबा, बाईला ना पोर ना भाऊबंद. सुतक कोण धरणार? त्यांच्यात आसतं का?" फादरना विचारलं. त्यांच्यात नसतं म्हणाले. तुका म्हणाला, "मग आपल्यात किरिस्तावाचं सुतक येतं व्हय?"

मी म्हणालो, "येत न्हाई गड्या. धरावं लागतं."

तर माझं मागणं एवढंच. हे सुतक वाडीनं धरावं. तिचे भाऊबंद म्हणून धरावं. ज्याला पटत नाही त्यानं धरू नये, मी रागावणार नाही. मी धरलंय. उद्या आपण कामावर जाऊ. खडी फोडू, माती वाहू. आणि साहेब म्हणाले, उचला ती मूर्ती, तर सांगू, साहेब, आमच्या घरचं माणूस गेलंय. सुतकातला हात देवाला लावत नाहीत.

दहा दिवस मिळतील. पुढं काय, मला ठाऊक नाही. खोटं कशाला सांगू? फादर, त्या दहा दिवसांत तुम्ही आणि मी वरच्या साहेबांकडं जाऊ. एकाच एसटीनं जाऊ. दोघांनी मिळून एकच गोष्ट सांगू.

आता उभे राहा. कुणी क्रुसाची खूण करा, कुणी हात जोडा, पण थोडा वेळ गप्प राहू या. मग ज्यानं सुतक धरलं असेल, त्यानं घरी जाऊन डोक्यावरनं पाणी घ्यावं. कुणी घेतलं, कुणी नाही, हे मी विचारणार नाही. उद्या वळणावर कळेलच.