चित्रकार अज्ञात

बंदराजवळच्या चित्रदालनात तिसऱ्या खोलीच्या पहाऱ्यावर बसलेल्या बाईंना कान द्यायची गरजच नव्हती. बाकावरच्या नणंद-भावजया साऱ्या खोलीला ऐकू जाईल अशा बोलत होत्या.

"सकाळपासून हे तिसरं दालन, वन्सं. बाहेर खराखुरा समुद्र पडलाय आणि आपण भिंतीवरचा बघत हिंडतोय."

"एवढी एक खोली बघा, वहिनी."

"काय बघू? ही होडी पाण्यात आहे की चिखलात? आणि ती पाठमोरी बाई. वेणी आहे की दोरखंड? असल्यांना भिंती मिळतात."

"दादाला नाही मिळाली."

"त्यांनी घरभर तेलरंगांचा वास करून ठेवला होता. ते गेले आणि महिन्याभरात माळा मोकळा केला मी. भंगारवाल्याला दोन फेऱ्या लागल्या."

"मी एक चित्र मागितलं होतं."

"कशाला? तुमच्याकडेही अडगळच झाली असती."

"त्या बाईसमोरची खिडकी ओळखीची नाही वाटत?"

"खिडक्या सगळ्या सारख्याच."

"तडकलेली काच, आणि खाली तुमचं शिवणयंत्र?"

भावजयीने पुढे वाकून चित्रातली खिडकी पाहिली. मग ती उठून चित्राखालच्या पाटीपाशी गेली.

"चित्रकार अज्ञात. अज्ञात कसा? हे लोक कुणाला विचारतात की नाही?"

"कुणाला विचारणार, वहिनी?"

भावजय तरातरा पहाऱ्यावरच्या बाईंकडे आली. "पाटी चुकलीय तुमची. नाव लिहून घ्या."

बाईंनी वही उघडून नाव उतरवून घेतलं. "आणि आपण त्यांच्या कोण?"

भावजयीने वळून नणंदेकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" नणंद म्हणाली. "तुम्हीच सांगा."