रांजणवाडी आणि बिब्बा

आमचं गाव वेल्ह्याच्या पल्याड, डोंगराच्या अंगाला, घरं थोडी आन् चढ लई. आण्णांची भाताची खाचरं, गोठ्यात म्हशी, आन् आमी दोघी बहिनी, मी कांता थोरली, शालन धाकटी. काय सांगू तुमाला ताई, मी दिसाया बरी व्हते. आता कुनाला सांगितलं तर ते माज्या तोंडाकडं बघत्यात आन् मंग दुसरीकडं बघत्यात, पन व्हते. आयच म्हनायची, कांतीचं डोळं बघूनच सोयरीक जमंल. आन् आयचं सगळ्या दुखन्याला एकच औषद, बिब्बा. काटा मोडला की बिब्बा, टाच फुटली की बिब्बा. बिब्ब्याला सुई टोचायची, दिव्यावर धरायचा, त्याल सुटलं की लावायचं. पायाची कातडी जाड, तिला ते चालायचं.

मंग उत्रोलीचं पाव्हनं मला बघाया येनार म्हनून ठरलं. चांगलं घर, पान्याखालची जमीन, पोरगा शिकल्याला. त्याच्या आदूगर शालनला रांजणवाडी आली व्हती, पापनीच्या काठाला तांबडा फोड, तिनं काय बी केलं न्हाई, आपली आपून बसली. पन काजळाची डबी दोघींची एकच, तिचं बोट त्यात, माजं बोट त्यात, आमाला काय ठावं. पाव्हनं दुसऱ्या दिशी येनार आन् माजी पापनी टच्च फुगली. म्या म्हनलं आय, शालनची बसली तशी माजी बी बसंल, पाव्हन्यांना पुढच्या बाजाराच्या दिशी या म्हनावं. आय म्हनली पाव्हनं काय तुजं नोकर हायेत व्हय, असलं थोबाड दाखवून आण्णांची आब्रू घालवतीस, उद्यापतुर बशीवते बघ. शालनला म्हनली हात धर तिचं. शालननं धरलं, चांगलं दाबून धरलं. आयनं बिब्बा दिव्यावर धरला, म्या इचारलं आय, भाजंल का गं, तर आय म्हनली गप पड.

उजाडलं तवा बिब्बा उतला व्हता. अर्धं तोंड सुजल्यालं, पापनीची कातडी सुटून लोंबल्याली, आन् अंगनात जीप येऊन हुबी. आण्णा डोक्याला हात लावून बसलं. मामा म्हनला त्यात काय, घरात दुसरी हाय की. झालं. माज्यासाटी काडल्याली साडी शालनला नेसवली, पोह्यांचं ताट तिच्या हातात दिलं, आन् मला गोठ्यात नेऊन घातलं, आय म्हनली आवाज काडू नकोस. मी तोंडात पदर कोंबला, पन आग अशी की कन्हनं थांबंना. पाव्हन्यातल्या म्हातारीनं इचारलं, गोठ्यात कोन कन्हतंय वो. आण्णा म्हनलं काय न्हाई, म्हस अडलीया. मी आईकलं ताई, माज्या कानानं आईकलं, बापाचा आवाज. म्हातारी लई चांगली, जाताना म्हनली म्हशीकडं बघा बरं का, मुकं जनावर हाय.

म्हशीकडं बघितलं पन पाव्हनं गेल्यावर, कुकू लावून, साखर वाटून झाल्यावर. मंग यष्टीनं वेल्ह्याला सरकारी दावखान्यात नेलं. तिथली सिस्टर आयवर लई भडकली, म्हनली अवो बाई, सवच्छ फडकं गरम पान्यात पिळून मिटल्या डोळ्यावर धरायचं, दिवसातनं तीन-चारदा, फोड दाबायचा न्हाई, फोडायचा न्हाई, येवढंच काम व्हतं. आय म्हनली पोरीचं नशीब. पापनी आकसली ती आकसलीच, डोळा झोपंत बी मिटत न्हाई, मंग बुबुळावर फूल पडलं. पुन्यापतुर नेलं, तिथलं डाक्टर म्हनलं उशीर झाला.

शालनचं बरं चाललंय, दोन लेकरं हायेत. तिचा नवरा जत्रंला येतो, जेवताना हसत हसत सगळ्यांना सांगतो, आमचं ठरलं त्या दिशी म्हस अडली व्हती. शालन बी हसती. मी वाढत आसते. मला कुनी बघाया आलं न्हाई पुन्यांदा.

आता मी शाळंत पोरांची खिचडी शिजवते. पोरं रांगंत आली की आदी डोळं बघते. कुनाची पापनी लाल दिसली की हात धुवाया लावते, चोळू नको म्हनते, घरच्यांनी उरावर बसून काजळ घातलं तरी घालून घेऊ नको, दुसऱ्याच्या टावेलानं तोंड पुसू नको. चार दिवसात बसली न्हाई, न्हाईतर दिसाया कमी झालं, तर गुमान दावखान्यात जा. पोरं आईकत्यात. माजं तोंडच असं हाय की आईकावं लागतं.

आण्णा गेलं. आय हाय माज्यापाशी, शालननं न्हेली न्हाई तिला. आन् म्हातारपनी आयला ऊठसूट रांजणवाडी यिती बघा. मी पानी उकळते, फडकं पिळते, आदी माज्या डोळ्यावर धरून बघते, चांगल्या, दुसऱ्याला काय समजत न्हाई. ती डोळं मिटून पडल्याली आसती, गोधडी मुठीत धरून, आन् रोज इचारती, कांते, भाजंल का गं. फडकं कोंबट आसतं, न्हाई भाजनार, एक शब्द बोलायचा. मी बोलत न्हाई. तिला तसंच थरथरत पडू देते जरा. मंग हळूच ठेवते.

तुमी लिवताय ते लिवा, नाव बी लिवा. तुमचं डोळं चांगलं ऱ्हावोत ताई, लेकराबाळांचं ऱ्हावोत. आन् त्याला कुनाचा हात लागू देऊ नका, आयचा बी.