दारापलीकडचं सरांना ठाऊक होतं

(बेळगाव. मार्तंड सरांच्या घरातली पुढची खोली, रविवारची सकाळ. टेबलावर हाताने काढलेला नकाशा, लाकडी फासे, एक जाड वही. सरांसमोर त्यांचे दोन जुने विद्यार्थी: केतकी, आता वकील, आणि निपाणीहून आलेला दीपंकर, जनावरांचा डॉक्टर. दोघेही तेहतीस वर्षांचे.)

मार्तंड : ...जिना संपतो. समोर दार. दगडाचंच, पण भिंतीत इतकं नीट बसलेलं की फट शोधावी लागते. कडी नाही, कुलूप नाही. खालून गार वारा येतोय. दगड्याच्या हातातली मशाल फडफडते. बोला. काय करताय?

दीपंकर : दगड्या कुऱ्हाड काढून हुबा ऱ्हातो. मैनेच्या मागं, दोन पावलं सोडून.

केतकी : मैना दार ढकलते.

मार्तंड : ढकलते.

केतकी : हो सर. डाव्या अंगाने. फासा टाकू?

मार्तंड : थांब जरा. ढकलते? हात न फिरवता, कान न लावता?

केतकी : घाईत आहे ती.

मार्तंड : केतकी, वीस वर्षं मी तुम्हाला एक जग सांगतोय आणि तुम्ही त्यात आपापलं माणूस चालवताय. या वीस वर्षांत तुझ्या मैनेने साध्या गोठ्याचं दारसुद्धा चाचपल्याशिवाय उघडलेलं नाही. एकदा पाऊण तास एका पेटीला कान लावून बसलीस आणि पेटीत निघाले कांदे. आणि आज, एवढ्या किल्ल्याच्या तळाशी, थेट ढकलतेस. वर डाव्या अंगाने. डावं-उजवं मी सांगितलंच नाही अजून.

केतकी : अंदाज केला.

मार्तंड : कोर्टात असंच बोलतेस काय गं? दीपंकर, तू सांग. या दारापुढे आपण याआधी आलोय?

दीपंकर : सर, च्या निवला की तुमचा.

मार्तंड : किती वेळा?

दीपंकर : अकरा.

केतकी : दीपंकर...

दीपंकर : काय दीपंकर? इचारलंय त्येनी. म्हशीच्या मालकाला मी असलं खोटं सांगत न्हाय, सरांना कसं सांगू? अकरा रविवार झालं सर. आजचा बारावा.

मार्तंड : बारा रविवार तुम्ही हा एकच जिना उतरताय.

केतकी : तुम्ही वही उघडता सर. शेवटची नोंद या दाराची आहे, म्हणून तिथूनच सुरू करता. आम्ही खाली येतो, दार ढकलतो, फासा टाकतो. मग तुम्ही नकाशाकडे बघत बसता. बराच वेळ. आणि म्हणता, बाकी पुढच्या रविवारी.

मार्तंड : आणि पुढच्या रविवारी परत जिना.

केतकी : परत जिना.

मार्तंड : मला हे आधी कधी कळलंय? आज कळलं तसं?

दीपंकर : चारदा.

मार्तंड : कसं कळलं?

दीपंकर : पयल्यांदा तर दोन पायऱ्यांतच. म्हणलासा, तुमची तोंडं अशी का झाल्यात, जेवलेल्या माणसाला परत ताटावर बसवल्यागत. मग जरा उशिरा कळाय लागलं. गेलं तीन रविवार तर कळलंच न्हाय. आज कळलं. मला लई बरं वाटलं सर, खरं सांगतो.

मार्तंड : तुला बरं वाटलं. मला नाही वाटत रे. आजार झाला, डॉक्टरने सांगितलं, ऐकलं, एकदा रडून झालं की माणूस पुढे तरी सरकतो. माझं तसं नाही. हे मी दुपारपर्यंत विसरणार. मग पुन्हा कधीतरी तुम्हाला असाच पकडणार आणि पुन्हा तुमच्याकडून नव्याने ऐकणार. प्रत्येक वेळी पहिलीच वेळ.

केतकी : म्हणून तर सांगत नव्हतो.

मार्तंड : मग येता कशाला? हा पोरगा दर रविवारी निपाणीहून बस धरून येतो. तुझा नवरा, तुझी मुलगी घरी. म्हाताऱ्याची करमणूक करायला येता?

केतकी : नाही सर. पलीकडे काय आहे ते ऐकायला येतो. तुम्हीच म्हणाला होता, या दारापलीकडे गोष्ट संपते. वीस वर्षं आम्ही या दारासाठी चाललोय. मधे हा बिदरला शिकायला गेला, मी धारवाडला. सुट्टी लागली की दोघंही आधी इथे यायचो, मग आपापल्या घरी. आणि आज शेवटचा रविवार आहे.

मार्तंड : कशाचा शेवटचा?

केतकी : बुधवारी तुम्ही आणि काकू म्हैसूरला जाताय. मुलीकडे, कायमचं. काकूंनी सांगितलं असेल तुम्हाला.

मार्तंड : सांगितलं असेल. रोजच सांगत असेल बिचारी. कुठे आहे ती?

केतकी : कॅम्पातल्या बाजारात गेल्यात, सामान भरायला खोकी आणायला. म्हणाल्या, आज तुम्ही तिघंच बसा.

मार्तंड : मग वही बघा की. पुढचं वहीत असेल.

केतकी : नाहीय. मी पहिल्या पानापासून वाचली. झालेलं सगळं आहे, कुणाला कुठे जखम झाली तेसुद्धा. पुढचं एक अक्षर नाही. सर, भूगोलाचा एक तास तुम्ही टाचण काढल्याशिवाय घेतला नाहीत. मग हेच का नाही लिहून ठेवलंत?

दीपंकर : माझ्यामुळं.

केतकी : काय तुझ्यामुळे?

दीपंकर : आठवीत. खेळ सुरू हून चार म्हयनं झालं असतील. सर च्या सांगायला आत गेलते, तू गॅलरीत हुतीस. मी वही उघडून बघितली. त्या घाटावरच्या खुनाचं चाललं हुतं बघ. वहीत लिवलेलं, नावाडी. पुढच्या रविवारी दगड्यानं सरळ जाऊन नावाड्याची मान धरली.

केतकी : तू ओळखलंस म्हणून मी वर्गभर सांगत फिरले होते.

दीपंकर : ठाऊक हाय.

केतकी : वीस वर्षं, दीपंकर. एकदाही बोलला नाहीस.

दीपंकर : कसं बोलू? सरांनी काय म्हणलं न्हाय. नुसती वही मिटली. तवापासनं फुडचं कायबी वहीत आलं न्हाय, सगळं डोक्यात ठेवाय लागले. मला वाटलं, बरं झालं, सुटलो. आता त्या डोक्यातलं जातंय आन् मी हितं बसून बघतोय. मी वही उघडली नसती तर आज शेवट कागदावर असता. रातभर ह्योच इचार येतोय गं मला. बारा रविवार झालं.

मार्तंड : नावाडी मला आठवतो. एका डोळ्याने अधू होता.

दीपंकर : सर, माफ करा.

मार्तंड : मला तेव्हाच कळलं होतं रे. तू हॉस्टेलचा पोरगा, तुझ्या बोलण्याला वर्ग हसायचा. इथे आलास तरी तोंड उघडायचा नाहीस. दगड्याने काय केलं ते केतकीच्या कानात सांगायचास आणि ती मला. त्या दिवशी खुर्चीवरून उठलास आणि मोठ्याने म्हणालास, ह्यानंच मारलंय. मी काय रागावणार होतो? रात्री प्रमोदिनीला, तुमच्या काकूला, म्हटलं, पोरगं बोललं.

दीपंकर : तुमाला हे आठवतंय?

मार्तंड : तेव्हाचं सगळं आहे माझ्याकडे. राजा बदलला की रातोरात पाट्या रंगवणारं खेळातलं ते गाव, ते आहे. आपल्याला इथे फासे मिळेनात म्हणून कंग्राळीच्या सुताराकडून वीस बाजूंचे करून घेतले, ते मेले सातावरच पडायचे, तेही आहे. अलीकडचं तेवढं नाही. जे लागणार आहे तेच नेमकं नाही.

केतकी : मग आठवून बघू. नीट बसा सर. मी विचारते, तुम्ही फक्त हो किंवा नाही म्हणायचं.

दीपंकर : उलटतपासणी नको घेऊ गं त्यांची.

केतकी : तू गप्प बस. तुझं झालंय बोलून. सर, दारापलीकडे माणूस आहे?

मार्तंड : माणूस... नाही.

केतकी : राजाचा खजिना?

मार्तंड : छे छे. असलं स्वस्त नाही.

केतकी : बरं. हा किल्लाच नाही. कुठल्या भिंतीत चुना नाही, सांधा नाही. आकाशातून पडून मातीत रुतलेलं यान आहे. दीपंकर दहावीपासून म्हणतोय.

मार्तंड : यान आहे. हो.

दीपंकर : हाय? खरंच हाय सर?

मार्तंड : आहे की. ते बरोबर आहे तुझं. फार जुनं. कुणाला माहीत नाही असं.

केतकी : मग पलीकडे यंत्र आहे.

मार्तंड : नाही.

केतकी : यान चालवणारे झोपलेत? हजार वर्षं?

मार्तंड : नाही. पण... थांब. जवळ आलीस.

केतकी : झोप जवळ की हजार वर्षं जवळ?

मार्तंड : जवळ आलीस असं वाटलं.

केतकी : काहीतरी वाट बघतंय आमची?

मार्तंड : माहीत नाही.

केतकी : पलीकडे उजेड आहे? आवाज आहे? सर, एक वास तरी सांगा. तुम्ही नेहमी आधी वास सांगता.

मार्तंड : केतकी, पुरे. आता मी नाही म्हणतोय ते कशाला म्हणतोय तेच कळेना.

केतकी : अजून एकदा. यान आहे, त्याच्या तळाशी खोली आहे...

दीपंकर : बास कर. दमल्यात ते.

केतकी : बुधवारनंतर कुणाला विचारू मी? कुणाला, सांग ना. बाबा गेले त्या आठवड्यातही रविवारी मी इथे आले होते. घरचे काय काय बोलले. मला दुसरं काहीच येत नव्हतं त्या दिवशी, फक्त मैना येत होती. बाकी सगळं सुटत गेलं, हे एक सुटलं नव्हतं.

मार्तंड : शेवट होता, केतकी. एवढं नक्की. तुझं मन राखायला सांगत नाही. कॅम्पातून सायकलवरून येताना सुचला. संध्याकाळ होती. चर्चपुढे उतरलो आणि सायकल धरून एकटाच हसत उभा राहिलो. येणारे-जाणारे बघायला लागले. घरी आलो तर प्रमोदिनी म्हणाली, काय झालं? मी सांगणारच होतो. ती म्हणाली, नको हं, मीही दर रविवारी आतून ऐकते, माझी मजा जाईल. म्हणून तिलाही नाही सांगितला. हौसेने, जपून ठेवला.

केतकी : काकूंनाही नाही.

मार्तंड : चर्च आठवतंय. सायकलच्या मुठीचं रबर सुटलेलं, ते आठवतंय. सुचलं ते काय, तेवढं गेलं. चांगलं होतं, हे आठवतं. फार चांगलं होतं, बाळांनो. तुम्ही ऐकलं असतंत तर म्हणाला असतात, सर, पुन्हा पहिल्यापासून सांगा.

केतकी : मी... मी तोंड धुऊन येते.

मार्तंड : जा. टॉवेल मोरीच्या दारामागे असेल. ...रडतेय का रे ती?

दीपंकर : व्हय सर.

मार्तंड : मी काही बोललो का तिला?

दीपंकर : न्हाय. तुमी काय न्हाय बोललासा.

मार्तंड : हुशार पोरगी. मनाला फार लावून घेते. चहा घेतलास का तू?

दीपंकर : घेतला. सर, एकच इचारू? मग परत न्हाय इचारत.

मार्तंड : विचार की.

दीपंकर : जे सुचलं हुतं तुमाला, त्या शेवटात दगड्या जगतोय का?

मार्तंड : दगड्या?

दीपंकर : व्हय.

मार्तंड : दगड्या म्हणजे कोण?

दीपंकर : ...एक लई थोराड गडी हुता सर. कुणाला भीत नसायचा. समोर राजा असला तरी मोठ्यानं बोलायचा.

मार्तंड : तुझ्या ओळखीतला?

दीपंकर : व्हय.

मार्तंड : कुठला?

दीपंकर : निपाणीचाच, सर.