बेलकांदा आणि लाईट टेनर

…नाही, मी म्हणतो हसायचं तर हसा हो, पण माईकवरून? तुम्हाला सांगतो, सहा वर्षं मोबाईलवर बघून बघून इटलीचं गाणं शिकलो मी. दिवसभर नागापूरच्या कंपनीत गेज लावून माल तपासायचा आणि घरी आलं की मेणबत्तीसमोर उभं राहून सूर लावायचा, असा की आवाज भिंतीला धडकावा पण ज्योत हलू नये! पहिल्या दिवशी सात वेळा विझली. वहीत नोंद आहे!

या गायकीला म्हणतात बेल कांटो. हे माझ्या साडूला सांगितलं, तिथंच चुकलो. रामहरी त्याचं नाव, पाथर्डीकडचा, गावच्या भजनी मंडळाचा पुढारी. गावच्या हरिनाम सप्त्यात भर पंगतीत माईक घेऊन काय म्हणावं यानं? "आमचे साडू बेलकांदा गातेत! बेल वाहा म्हादेवाला, कांदा घाला भज्याला!" लोकांच्या हातातली आमटी सांडली हो हसून! नऊ एप्रिल, दुपारी बारा चाळीस. वहीत नोंद आहे!

बायको म्हणते, "जाऊ द्या, दाजींची थट्टाच ती." जाऊ द्या? मी ठरवलं, याच्याच मांडवात, याच्याच माईकवर असा सूर लावीन की याच्या पेटीचा भाता जन्मभर उघडणार नाही! घशासाठी वर्षभर लिंबू-लोणचं सोडलं. टेनर म्हणजे पुरुषाचा उंच आवाज, त्यात पुन्हा पोटजाती, ड्रामॅटिक, लिरिक, लाईट… माझा लाईट. हलका, चपळ, वर हाय सीपर्यंत, म्हणजे टेनरच्या टोकाच्या सुरापर्यंत जाणारा.

तर रामहरीच्या लेकीची, दिशाची हळद. गावातला विजेचा डीपी जळालेला, तीन दिवस लाईट नाही, मांडव जनरेटरवर. मी सुवाच्य अक्षरात चिठ्ठी दिली, 'आदिनाथ, लाईट टेनर'. रामहरीनं चष्मा वर केला, खाली केला आणि पुकारलं, "आता येतेत आमचे साडू, लाईटचं टेंडर!"

संपलं! लंकाबाई म्हणून एक म्हातारी उठली, "ओ टेंडरवाले, चक्कीवर माजं दळान पडलंय, कवा येनार लाईट?"

"आजी, मी गायला आलोय."

"गावा की! पर आदी डीपीचं सांगा!"

मी डोळे मिटले. श्वास पोटात, घसा ढिला, तोंड जांभईसारखं… आणि लावला हाय सी! पाच सेकंद… सहा… एका डोळ्यानं बघतोय, रामहरीचा चेहरा उतरायला लागलेला, आठ… आता पडणार, आता रडणार… आणि नवव्या सेकंदाला गावात लाईट आली!

"आली रं, लाईट आली!" निम्मा मांडव विहिरीवरच्या मोटारी चालू करायला पळाला, लंकाबाई चक्कीकडं, आणि माझा सूर? अहो, कुणाच्या कानात तरी राहिला का? वर रामहरीनं मलाच फेटा बांधला, "मानलं साडूभाऊ! एका आरोळीत डीपी चालू!" आरोळी! हाय सीला आरोळी! वहीत नोंद आहे!

आता फेटा बांधणाऱ्यावर सूड कसा घेणार, सांगा? तेव्हापासून लाईट गेली की त्याचा फोन. "साडूभाऊ, अंधार झाला बगा, जरा बोंबला ना!" आणि मीही… काय करणार, नातं आहे… फोन कानाला लावून बोंबलतो. एकोणीस वेळा झालं. सतरा वेळा काही झालं नाही.

दोनदा लाईट आली. वहीत नोंद आहे.