ताटावरचा हात

तुम्हाला सांगतो, वर्गात इंग्रजी शिकवणं सोपं, सासुरवाडीच्या पंगतीत अवघड. लोहाऱ्याला जेवायला बसलो होतो, तेवढ्यात परीक्षेची तयारी करणारी मेहुणी म्हणाली, "दाजी, यील्ड आणि सरेंडर, दोन्हीत माघारच की. मग फरक काय?"

म्हणालो, "यील्ड म्हणजे दबावापुढं थोडं नमायचं. सरेंडर म्हणजे लढायचंच सोडून द्यायचं."

एवढ्यात सासूबाई शेंगाची पोळी घेऊन आल्या. मी ताटावर दोन्ही हात आडवे धरले.

"अर्धीच घ्या, जावईबापू."

मी एक हात काढला. "बघ, हे यील्ड."

अर्धी पडली. "जावयाला अर्धी वाढत न्हायत," म्हणत सासूबाईंनी उरलेली अर्धीही टाकली, वर तूप.

मेहुणीनं विचारलं, "आता सरेंडर झालं व्हय?"

"न्हाय. दुसरा हात अजून ताटावर हाय."

शेजारी सासरे मुकाट जेवत होते. सासूबाईंनी न विचारताच त्यांच्या ताटात पोळी टाकली. त्यांनी मानही वर केली नाही. लेकीला एवढंच म्हणाले, "सरेंडर लिहायचं तर माझ्याकडं बघ. म्या हात आडवा धरायचं लग्नाच्या वर्षीच सोडलंय."