पुण्यातले जंतू

जालन्याच्या दवाखान्यात, कॅन्सरच्या रांगेत, माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या.

"रूपाली, एवढं शिकून पुण्यात जंतू पाळून राह्यली म्हण की!"

"माय, ते जंतू स्वतःच्या अंगात चुंबकाचे बारीक कण बनवतात. ते कण गाठीत सोडून बाहेरून चुंबकाची शक्ती उलटसुलट केली, की तापतात. गाठ जळते."

"मंग माझी जाळ की."

"अजून उंदरांवरच चाललंय."

"वा! मायच्या आधी उंदराचा नंबर!"

"म्हणून तर नोकरी सोडून आले. तुझ्याजवळ राहीन."

"अन् जंतू?"

"बघंल दुसरं कोणी."

"बिनडोक! उद्या या बाकड्यावर दुसऱ्या कुणाची माय बसंल. तिलाबी 'अजून न्हाई' म्हणून सांगशील? ऊठ, जल्दी पुण्याची गाडी धर."