एकदाच विचारतात

प्रकाशा गावच्या बसथांब्यावर एक बाई फोनचा स्पीकर लावून जर्मनीतल्या भाचीशी बोलत होत्या.

"मावशी, तुमच्या दारूबंदीच्या चळवळीवरच लिहितेय. बैठकीत एखादी बाई सामील व्हायला नाही म्हणाली तर?"

"तिन्हा अंगणमा जाईसन बसतस. भाकर बी तठेच खातस."

"तरी नाहीच म्हणाली तर?"

"दुसरा दिन परत बसतस. तिले एकली सोडतस नही. समजनं का, संध्या?"

"मावशी, काल इथल्या शेजारच्या मुली जेवायला बोलवायला आल्या. मी नको म्हटलं."

"का बरं?"

"वाटलं, आग्रह करतील."

"मंग?"

"'बरं' म्हणाल्या आणि गेल्या."

"परत इचारं नही?"

"इथं एकदाच विचारतात, मावशी."

"मंग आज तूच जाय. दार ठोक."

"काय म्हणू?"

"म्हण, काल भूक नव्हती, आज शे."